दीपावलीतील दुर्गरचना : मातीचा रायगड

दीपावलीचे मंगल पर्व जवळ आले की घरातील वडीलधारी मंडळी फराळाच्या सिद्धतेत आणि बालगोपाळ किल्ल्याच्या सिद्धतेत गढून जातात. वसुबारसेच्या सुमारास अंगणाच्या कोपऱ्यात दगड, विटा व माती यांचा ढीग पडावा आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून यावे, तो त्याच ढिगावर शिवछत्रपती सिंहासनारूढ झालेले दिसावेत, हा महाराष्ट्रातील असंख्य घरांचा कुळाचारच होय.

आम्हीही बालपणी रायगड रचला होता. दगडविटांच्या उतरंडीवर ओले गोणपाट अंथरले, त्यावर तांबड्या मातीचा लेप दिला, मोहरी व हळीव पेरले आणि मोठ्या हौसेने महादरवाजा अगदी समोर, येणाऱ्याजाणाऱ्यास दिसेल असा मांडला. तीर्थरूपांनी किल्ला न्याहाळला व एवढेच विचारले, "शत्रूने समोर तोफ लावली, तर दरवाजा किती वेळ टिकेल?" आम्ही निरुत्तर झालो. रायगडाचा खरा महादरवाजा दोन भव्य बुरुजांच्या आड, वळणात दडलेला आहे. त्यालाच गोमुखी रचना म्हणतात. येणाऱ्याला बुरुजांच्या माऱ्याखालूनच वळावे लागते. त्या सायंकाळी दरवाजा मोडून आम्ही तो पुन्हा वळणात बांधला. पाठ्यपुस्तकाने जे सांगितले नव्हते, ते चिखलाने भरलेल्या हातांना उमगले.

तेव्हापासून आमच्या घरी किल्ला 'सजविला' जात नाही, तो 'बांधला' जातो. आधी दिशा ठरवावयाच्या. पश्चिमेस हिरकणीचा बुरूज, पूर्वेस भवानी टोक. माथ्यावर पसरट वाटीचा गंगासागर, काड्यापेट्यांच्या समोरासमोर दोन रांगांची बाजारपेठ आणि तिच्या पलीकडे, पूर्वेच्या अंगास, श्रीजगदीश्वराचे मंदिर. कुंभारवाड्यातून आणलेली गवळण मग कोठेही उभी राहत नाही. आख्यायिकेतील हिरकणीची जागा तिला आपोआप मिळते.

चित्रे रंगविणे हेही धीराचे काम. कोऱ्या मातीच्या मावळ्यास प्रथम खडूचा पातळ पांढरा हात द्यावा. तो पुरता वाळल्यावर अंगाचा रंग, मग अंगरखा, मग पागोटे. ओल्या रंगावर दुसरा रंग चढविला की दोन्ही मळतात. डोळे मात्र सर्वांत शेवटी, बारीक कुंचल्याने, श्वास रोखून. गणेशमूर्तीची आखणी होताना जो क्षण येतो, तोच येथेही येतो. मातीचा गोळा एकाएकी आपल्याकडे पाहू लागतो.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० फूट उंचीचा रायगड आपण तीन फुटांत बसविला, तर साडेपाच फुटी मावळा दोन मिलिमीटरही भरत नाही. म्हणजे उतारावर पेरलेल्या मोहरीच्या दाण्याएवढाच! चित्रातील मावळा वीतभर असतो तो भक्तीच्या मापाने. परंतु एकदा हे गणित मांडले की खऱ्या गडाच्या भव्यतेपुढे मस्तक नमते.

अलीकडे साचेबंद, रंगविलेले किल्ले बाजारात मिळतात. वेळेअभावी ते आणणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. परंतु दरवाजा चुकण्याची आणि तो सुधारण्याची संधी त्यांत नसते. जुलै २०२५ मध्ये रायगडासह मराठ्यांचे बारा दुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांची रचना पुढील पिढीस कळावयाची, तर तिच्या नखांत थोडी माती जावयास हवी.

६ जून १६७४ रोजी ज्या गडावर महाराजांना राज्याभिषेक झाला, तो बांधणाऱ्या हिरोजींचे नाव कोठे आहे? जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर, जेथे भाविकांची पावले पडतात तेथे. आमचाही किल्ला तुळशीविवाहानंतर मोडतो, आणि त्याची माती तुळशीवृंदावनात पडते. बांधणाऱ्याने मागे काय ठेवावे, याचा धडा दोन्ही ठिकाणी एकच आहे.

वाचकहो, यंदा आपल्या अंगणातील गडाचा दरवाजा वळणात असो, आणि त्यापुढे एक पणती अखंड तेवत राहो!