हातातले हत्यार : विलायती की देशी, ठेवावे की बदलावे?

परवानाधारक व्यापाऱ्यांतील जुना वाद आणि त्यामागचा हिशेब

सराफ, कापडाचे ठोक व्यापारी, पेट्रोल पंपवाले, लाकडाच्या वखारी चालविणारे अशा अनेक व्यापारी बांधवांजवळ स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असते. रोकड घेऊन रात्री-अपरात्री घरी जावे लागते, म्हणून परवाना काढलेला असतो. असे चार परवानाधारक एकत्र बसले की वाद ठरलेला. एक म्हणतो, वडिलांच्या वेळचे विलायती रिव्हॉल्व्हर म्हणजे सोने. दुसरा म्हणतो, जुन्या लोखंडावर लाखो रुपये घालण्यापेक्षा सरकारी कारखान्याचे नवे घ्यावे. तिसरा पिस्तुलाच्या बाजूचा असतो. आणि चौथा, “तुझे मला दे, माझे तू घे, वर इतके रुपये” असा अदलाबदलीचा सौदा मांडतो.

या वादात आवडीनिवडीचा भाग आहेच. परंतु त्यामागे बाजाराचा आणि कायद्याचा हिशेब आहे. तो न समजता केलेल्या सौद्यात पैसा अडकतो, आणि कधी कधी सौदा करणाराही अडकतो. म्हणून हा विषय नीट समजून घेणे गरजेचे आहे.

कायद्याने आधीच मिटविलेला वाद

अमेरिकेत बंदूकधारकांत नऊ मिलिमीटर चांगले की पॉइंट पंचेचाळीस, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालू आहे. तेथील लष्कराने १९११ साली पॉइंट पंचेचाळीसचे पिस्तूल स्वीकारले आणि १९८५ साली ते बाजूला ठेवून नऊ मिलिमीटरचे घेतले. तेव्हापासून दोन्ही बाजूंना आणखी जोर चढला.

आपल्याकडे हा प्रश्नच उरत नाही. लष्कराच्या सेवेतील नऊ मिलिमीटरचे, तसेच ०.३८० व ०.४५५ चे किनारीचे काडतूस ज्यात बसते, अशी पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर ‘निषिद्ध बोअर’ मध्ये मोडतात. सामान्य नागरिकाला ती मिळत नाहीत. परवान्यावर मिळणारे सर्वात रुळलेले हत्यार म्हणजे ०.३२ बोअर. त्यामुळे आपल्याकडचा वाद बोअरवर होत नाही. तो होतो रिव्हॉल्व्हर की पिस्तूल आणि विलायती की देशी, यावर.

विलायतीचा भाव का चढला?

१९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत परदेशी हत्यारे रीतसर आयात होत. इंग्लंडचे वेब्ली अँड स्कॉट, अमेरिकेचे स्मिथ अँड वेसन व कोल्ट, जर्मनीचे वाल्थर, स्पेनचे अस्त्रा व लामा ही नावे जुन्या दुकानदारांच्या तोंडी आजही आहेत. पुढे सरकारने सामान्य परवानाधारकासाठी ही आयात बंद केली. नामांकित नेमबाजांसारख्या थोड्यांनाच सवलत राहिली.

तेव्हापासून देशात जेवढी विलायती हत्यारे होती, तेवढीच एका हातातून दुसऱ्या हातात फिरत आहेत. नवा माल येत नाही, जुना मोडीत निघतो आणि मागणी मात्र टिकून आहे. परदेशात मामूली किमतीला मिळणाऱ्या पिस्तुलाला येथे काही लाख मोजावे लागतात, ते यामुळेच. जुन्या चाळीतल्या पागडीच्या खोलीसारखा हा प्रकार आहे. भिंती पडक्या असल्या तरी भाव चढा, कारण दुसरी खोली मिळत नाही.

विलायतीचे चाहते म्हणतात की, भाव चढतो आहे म्हणजे माल चांगला आहे. हे अर्धेच खरे आहे. नामांकित कारखान्याची घडण, घोड्याची हलकी व एकसारखी ओढ, पोलादाची प्रत हे गुण त्यात असतातच. पण किमतीतला मोठा वाटा टंचाईचा आहे, गुणाचा नाही. उद्या आयातीचे धोरण सैल झाले किंवा देशातच तोडीचा माल निघू लागला, तर टंचाईचा हिस्सा गळून पडेल. “सोन्यासारखी गुंतवणूक” म्हणून हत्यार घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. सोने कोणत्याही पेढीवर मोडता येते. हत्यार फक्त परवाना असलेल्यालाच विकता येते आणि असे गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असते.

देशी मालाची बाजू

कानपूरच्या सरकारी कारखान्यात ०.३२ चे रिव्हॉल्व्हर तयार होते. त्याची ठेवण जुन्या वेब्लीवरून घेतलेली आहे. सहा गोळ्या, वजन पाऊण किलोच्या आत, आणि नळी पुढे मोडून काडतुसे भरण्याची पद्धत. २०१४ च्या जानेवारीत याच कारखान्याने ‘निर्भीक’ हे सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून काढले. त्याची किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. हत्यारांच्या सरकारी कारखान्यांचा कारभार २०२१ साली कंपन्यांकडे गेला. कानपूरच्या कंपनीने २०२३ साली ‘प्रबळ’ बाजारात आणले. त्यात नळी मोडावी लागत नाही, काडतुसांचे चक्र बाजूला उघडते. पिस्तूल पाहिजे असणाऱ्यांसाठी ‘अशनी’ हे ०.३२ चे सरकारी पिस्तूल आहे. शिवाय वेब्ली अँड स्कॉट या इंग्रजी नावाचे रिव्हॉल्व्हर २०२० पासून उत्तर प्रदेशातील संडीला येथे खासगी कारखान्यात बनू लागले. म्हणजे ‘विलायती’ नावही आता देशी झाले.

देशी मालाविषयी तक्रारी आहेतच. घोडा जड ओढावा लागतो, हातकाम खडबडीत असते, एक नग चांगला तर दुसरा बेताचा, असे बोलले जाते. त्यात तथ्य आहे. पण देशी मालाचा एक फायदा वादात कोणी मांडत नाही. हत्यार नवे असते, त्याचा पहिला मालक आपण असतो, कागदपत्रे सरळ असतात आणि सुटा भाग मिळण्याची आशा असते. साठ-सत्तर वर्षांच्या जर्मन पिस्तुलाची स्प्रिंग तुटली तर ती कोठून आणणार?

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

यात दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा घोडा ओढावा, चक्र फिरून पुढचे समोर येते. महिनोन्‌महिने तिजोरीत पडून राहिले तरी कोणत्याही स्प्रिंगवर सतत दाब नसतो. ज्याला सराव करायला वेळ मिळत नाही, त्याच्यासाठी हे सोपे यंत्र आहे.

पिस्तूल चपटे असते, कपड्याखाली दिसत नाही आणि भरायला चटकन होते. पण काडतूस आत घेणे, खटका चढविणे व उतरविणे, मध्येच अडकले तर मोकळे करणे, हे सर्व हाताला सवयीचे असावे लागते. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे समजून झालेले अपघात काही थोडे नाहीत. नळीत एक काडतूस राहिलेले असते. घरात मुले असतील तर ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी.

०.३२ या एकाच आकड्याने आणखी एक घोटाळा होतो. रिव्हॉल्व्हरचे ०.३२ काडतूस लांब व किनारीचे असते, पिस्तुलाचे आखूड असते. दोन्हींची लांबी, ताकद व ठेवण वेगळी. “पॉइंट बत्तीस म्हणजे पॉइंट बत्तीस” असे म्हणून एकाचे दुसऱ्यात घालू नये. हत्यार खराब होते आणि हातालाही इजा होऊ शकते. रिव्हॉल्व्हरचे काडतूस आपल्या महाराष्ट्रातच, पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनते. हा कारखाना १८६९ पासूनचा आहे.

जुने घेताना काय पाहावे?

आपले कारागीर बांधव एखादे यंत्र पाहताच त्याची झीज ओळखतात. तीच नजर येथे कामाची आहे. हत्यार पूर्ण रिकामे करून घ्यावे व स्वतः दोनदा तपासावे. मग नळीत उजेड टाकून पाहावे. आतल्या खाचा धारदार आहेत की खड्डे पडून काळ्या झाल्या आहेत, ते दिसते. जुन्या काळच्या काडतुसांतील मसाला लोखंडाला गंज आणणारा होता. साफसफाई न केलेली नळी आतून खाल्लेली असते. रिव्हॉल्व्हरचा घोडा ओढल्यावर चक्र हलवून पाहावे. ते डुगडुगत असेल तर गोळी नळीच्या तोंडाशी नीट येत नाही.

चकचकीत निकेल पॉलिशला भुलू नये. पॉलिशखाली खड्डे झाकले जातात, कधी कधी घासण्यात कारखान्याच्या खुणाही पुसट होतात. यावरही दोन मते आहेत. काहींना जुने हत्यार नव्यासारखे दिसलेले आवडते. जाणकार मात्र मूळ निळसर झिलई, ती उडालेली असली तरी, जास्त मोलाची मानतात. आणि सर्वात महत्त्वाचे, नळीवरचा व सांगाड्यावरचा क्रमांक परवान्यातील क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. एक आकडा खाडाखोड केलेला दिसला तरी सौदा सोडून द्यावा.

अदलाबदल : येथेच पाय घसरतो

मित्रामित्रांत घड्याळ बदलावे तसे हत्यार बदलता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारकाला स्वतःचे हत्यार दुसऱ्या पात्र माणसाला विकता येते. मात्र त्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला हत्याराचा तपशील व घेणाऱ्याची माहिती लेखी द्यावी लागते, आणि ४५ दिवस थांबावे लागते. अदलाबदल म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दोन विक्री. दोघांनी लेखी कळवायचे, दोघांच्या परवान्यावर नोंदी व्हायच्या. घेणाऱ्याच्या परवान्यात त्या प्रकारच्या हत्याराची मुभा असली पाहिजे. “आधी हत्यार घेऊन जा, कागद मागाहून करू” हा व्यापारातला विश्वासाचा व्यवहार येथे चालत नाही. मधल्या ४५ दिवसांत काही अघटित घडले, तर हत्यार एकाच्या नावावर व दुसऱ्याच्या घरात, अशी अवस्था होते. मग दोघांनाही जबाब देता देता नाकी नऊ येतात. त्यापेक्षा परवानाधारक दुकानदारामार्फत सौदा करावा. थोडे कमिशन जाते, पण जोखीम टळते.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. १९८३ पासून एका माणसाला तीन हत्यारे ठेवता येत होती, ती मर्यादा दोनवर आली. मूळ विधेयकात तर एकच ठेवण्याचा प्रस्ताव होता, हरकतींनंतर दोन झाली. ज्यांच्याकडे तिसरे होते, त्यांना ते वर्षभराच्या आत जमा करणे किंवा काढून टाकणे भाग पडले. वाडवडिलांच्या आठवणीचे हत्यारही यातून सुटले नाही. अशा वेळी विकणाऱ्याला घाई असते आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असते. भाव कोणाच्या बाजूला झुकतो, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

कारागिरांसाठी एक इशारा

१७६० च्या दशकात नवाब मीर कासिम याने बंगालची राजधानी मुर्शिदाबादहून बिहारमधील मुंगेरला नेली आणि तेथे बंदुकांचा कारखाना उभा केला. ती कारागिरी पिढीजात चालत आली. आजही मुंगेरला परवान्यावर बारा बोअरच्या बंदुका बनतात. पण त्याच गावाचे नाव बेकायदा पिस्तुलांसाठीही बदनाम झाले. हुनर तोच, हात तेच. फरक फक्त परवान्याचा.

आपल्याकडे लेथ चालविणाऱ्या, वेल्डिंग करणाऱ्या कारागिराकडे कधी ओळखीचा माणूस येतो, “एवढी पिन घासून दे, एवढा खटका बसव” म्हणतो. काम दहा मिनिटांचे, मजुरी चांगली. परंतु हत्यार बनविण्याइतकेच ते दुरुस्त करण्यालाही वेगळा परवाना लागतो. विनापरवाना केले तर २०१९ नंतर किमान सात वर्षांची आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची तरतूद आहे. मालकाजवळ परवाना आहे, एवढे पुरेसे नाही. दुरुस्ती करणाऱ्याजवळही असावा लागतो. अशा कामाला साफ नकार द्यावा. ओळख तुटली तरी हरकत नाही.

मग निवड कशी करावी?

पहिला प्रश्न ब्रँडचा नाही, गरजेचा आहे. रोकड कमी बाळगणे, भरणा रोजच्या रोज बँकेत करणे, चांगली तिजोरी, दुकानाचा विमा, कॅमेरा व विश्वासू माणूस यांनी बरीचशी जोखीम कमी होते. एवढे करूनही गरज उरली तर हत्यार घ्यावे. सराव बेताचा असेल तर साधे रिव्हॉल्व्हर पुरे. नियमित नेमबाजीच्या मैदानावर जाणाऱ्याने पिस्तुलाचा विचार करावा. वडिलोपार्जित विलायती हत्यार चांगल्या स्थितीत असेल तर वारसाने रीतसर नावावर करून घ्यावे, परंतु परवान्याचा निकाल लागेपर्यंत ते घरात न ठेवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे. आणि केवळ भाव चढेल म्हणून लाखो रुपये त्यात घालू नयेत. तोच पैसा मालात फिरविला तर वर्षाकाठी काही तरी देऊन जातो.

वाद चालू राहतील, ते मिटण्याचे कारणही नाही. पण सौदा करण्यापूर्वी क्रमांक, परवाना आणि ४५ दिवस, या तीन गोष्टी ज्याने पाहिल्या, त्याला वादात हरला तरी व्यवहारात पस्तावण्याची पाळी येणार नाही.