टेकडी कुठे सुरू होते?

परवा नातवाला घेऊन वेताळ टेकडीवर निघालो. जिन्यातच त्यानं विचारलं, "आजोबा, टेकडी सुरू कुठे होते?" मला चटकन उत्तर देता येईना.

पूर्वी देता आलं असतं. मी कोथरूडला राहायला आलो तेव्हा डांबरी रस्ता संपला की टेकडी सुरू, असा सरळ हिशेब होता. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच अशी ही पुण्यातली सर्वांत उंच टेकडी. सालई, मेढशिंगी, पळस ही इथली जुनी झाडं. गिरिपुष्प मागाहून आणून लावलेलं. पहाटे मोरांचा आवाज आजही कानी येतो.

टेकडी काही एका रात्रीत जात नाही. आधी दगडासाठी खाणी निघाल्या. त्यांचे खड्डे अजून आहेत. मग पायथ्याशी संस्था, बंगले, मग आमच्यासारख्यांचे फ्लॅट. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम करू नये, असा नियम आहे. पण टेकडी म्हणजे नुसता तीव्र उतार नव्हे. पायथ्याची माती पावसाचं पाणी जिरवते. तिथे काँक्रीट झालं की तेच पाणी लोंढ्यानं रस्त्यावर येतं.

बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याविरुद्ध २०२३च्या एप्रिलमध्ये टेकडीप्रेमींचा मोर्चा निघाला. मीही गेलो, घोषणा दिल्या. घरी आल्यावर मात्र मन खाऊ लागलं. १९८८ साली हा फ्लॅट घेताना, खिडकीतून टेकडी दिसते म्हणून मी पाच हजार रुपये जास्त मोजले होते. पुढे मागच्या बाजूला सहा मजली इमारत उभी राहिली आणि टेकडी दिसेनाशी झाली. केवढा संतापलो होतो मी! पण आमच्या इमारतीनं पुढच्या बैठ्या घरांची टेकडी कधीच झाकली होती. त्या घरांतलं कुणी आमच्याशी भांडायला आलं नाही. आम्हीही कधी विचारलं नाही.

शहर वाढणार, माणसांना घरं लागणार, हे मला कळतं. मीही त्यातलाच. पण 'माझ्यापुरतं होऊ दे, पुढच्याला अडवा' असं प्रत्येकानं म्हटल्यावर उरायचं काय?

नातू उत्तराची वाट पाहत होता. शेवटी जिन्याच्या खालच्या पायरीकडे बोट दाखवून म्हटलं, "इथून सुरू होते, बाळा. आपलं घर टेकडीवरच आहे."

तो म्हणाला, "मग झाडं कुठे गेली?"