काळ्या मातीतली हलकी गाडी

पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्याच्या सुन्ना गेटवर सकाळी गाड्या रांगेला लागतात, त्यांत वरून उघड्या, मागे उंच बाकं बसवलेल्या जिप्सी दिसतात. १४८ चौरस किलोमीटरच्या या जंगलात वाघ बघायला माणसं दूरदूरहून येतात. ज्या गाडीत बसून तो बघतात तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. मारुतीने ही गाडी डिसेंबर १९८५ मध्ये आणली आणि सामान्य गिऱ्हाइकासाठी २०१९ मध्ये बंद केली. तेहतीस वर्षांत तिचा चेहरामोहरा जवळपास तोच राहिला. जुन्या बाजारात स्वस्त फोर-बाय-फोर शोधणाऱ्या यवतमाळकराने पहिल्यांदा तिलाच विचारात घ्यावं, असं माझं मत आहे.

आपल्याकडे अशी गाडी हवी म्हणणाऱ्याला लडाखला जायचं नसतं. पांदणीने वावरापर्यंत पोहोचायचं असतं, जुलैत नाल्याचा उतार उतरून पलीकडच्या चढाला लागायचं असतं, फार तर घाटंजी-आर्णीकडच्या मुरमाड टेकड्यांवर रविवारची हौस भागवायची असते. (अभयारण्यात मात्र स्वतःची गाडी घालायचा मोह नको. तिथे नोंदणी झालेली सफारी गाडी आणि गाइड, एवढंच.) या कामाला डोंगर फोडणारी ताकद लागत नाही. लागतो तो हलकेपणा.

त्याचं कारण कापसाची काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. पावसाळ्यात हा गारा टायरच्या खाचांत असा भरतो, की नव्या कोऱ्या टायरची पकड पन्नास पावलांत जाते. मग वजनदार गाडीची ताकद तिलाच खोल गाडायच्या कामी येते. जिप्सी भरते हजार किलोच्या आसपास. महिंद्राची पहिल्या पिढीची थार सीआरडीई पावणेदोन टनांच्या घरात. जिप्सीची रुंदी जेमतेम दीड मीटर, त्यामुळे दोन्हीकडून बाभळींनी आवळलेल्या पांदणीतही ती निघते. फसलीच, तर चार माणसं ढकलून काढतात. जड गाडीला ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर कोणाचा मोकळा असतो?

तिचं कूळ जपानी. सुझुकीने १९७० मध्ये एलजे-१० ही छोटी जीप काढली, तिचाच वंश पुढे एसजे-४१० मध्ये आला. त्या गाडीचा लांब सांगाडा घेऊन मारुतीने गुडगावात जिप्सी बनवली. शिडीसारखी चासी, चारही बाजूंना पाटे, पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि लो गिअर. पहिलं इंजिन ९७० सीसीचं, ताकद ४५ अश्वशक्ती. हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना देव आठवावा अशी. १९९३ मध्ये चाकांमधलं अंतर वाढवलेली 'वाइड ट्रॅक' आली. १९९६ ची 'किंग' १३०० सीसीची, ६० अश्वशक्तीची. २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं आणि ताकद ८० वर गेली. लष्कराने ती हजारोंनी घेतली.

घ्यायची तर ही २००० नंतरची एमपीएफआय घ्यावी. कार्ब्युरेटरची स्वस्त मिळते, पण तो लावून देणारा हात आता शोधावा लागतो. त्यात हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप आणि सीलं ते खातं, तेव्हा कोणतीही जिप्सी घेतली तरी पाइप आधी बदलून घ्या.

महिंद्राच्या जुन्या डिझेल गाड्यांवर मी अन्याय करत नाही. एमएम-५४०, फोर-बाय-फोर बोलेरो, जुनी थार यांना तालुक्याच्या प्रत्येक गावात मिस्त्री आहे आणि मागे ट्रॉली ओढायची असेल तर जिप्सीचं नावही काढू नये. ज्या कास्तकाराला बियाणं-खताची पोती न्यायची आहेत, त्याने सरळ महिंद्राकडे जावं.

आता तपासणी. बहुतेक जण बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकत बसतात. इंजिन दुरुस्त होतं. चासी गंजली तर गाडीच संपली. मागचे पाटे जिथे चासीला लटकतात, तिथे छोट्या हातोडीने ठोका. 'ठण' वाजलं तर ठीक, 'भद' वाजलं तर वर कितीही नवा रंग असो, निघून या. मग पुढचं चाक जॅकवर उचलून वरून-खालून हलवून बघा. चाक खेळत असेल तर किंगपिनचे बेअरिंग गेलेत. अशी गाडी सत्तरच्या पुढे स्टेअरिंग थरथरवते. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, तीन रबरांवर टांगलेला असतो. ती रबरं थकली की ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना खालून धडधड येते. हा खर्च मोठा नसतो, पण भाव पाडायला कामी येतो.

लो गिअरची चाचणी डांबरावर करू नका. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर लावून वळलात तर सगळा ताण गिअरांवर येतो. गाडी वावरात न्या, लो गिअर टाका, पहिल्या गिअरमध्ये उतारावर ॲक्सिलरेटर सोडा. दांडा आपोआप सुटून न्यूट्रलला आला तर आतला गिअर झिजलाय. त्याच वेळी बाहेर एक माणूस उभा करा आणि पुढची चाकं खरंच माती उडवतात का, हे त्याला बघू द्या. नुसता दांडा पडला म्हणजे चारही चाकं ओढतात असं नव्हे.

पॉवर स्टेअरिंग नाही, एसी बहुतेकांत नाही, मागे समोरासमोरची बाकं आणि पेट्रोल लिटरला दहा किलोमीटरच्या आसपास. एकुलती एक गाडी म्हणून ही घ्यायची नसते. यवतमाळ-नागपूर जाणं-येणं हेच मुख्य काम असेल तर हा नाद सोडा. तिचीच नवी बहीण पाच दारांची जिम्नी २०२३ मध्ये पावणेतेरा लाखांच्या घरात सुरू झाली. ऐपत असेल तर तो आरामाचा रस्ता आहे.

खरी फसवणूक कागदांत होते. बाजारातल्या अनेक जिप्सी लष्कराच्या किंवा सरकारी खात्यांच्या लिलावातून आलेल्या असतात. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकरण होत नाही, म्हणून मालकाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते आधी वाचा. दिल्लीत १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध असल्याने तिकडच्याही इकडे येतात. त्यांना तिथल्या आरटीओची एनओसी हवीच. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन, असा प्रकार सर्रास सापडतो. अशी गाडी पुन्हा पास होणं कठीण. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, वीस वर्षांपुढच्या गाडीला १०,००० आणि पर्यावरण कर वेगळा. हा हिशेब सौद्यात धरा.

आणि इसार द्यायच्या आधी चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासा, तो कागद घेऊन यवतमाळच्या आरटीओत जा, नंबर जुळला तरच पैसे काढा.