मुंबईत लोकलने जाताय? घरातून निघण्याआधी हे ठरवून घ्या

तीन वर्षांपूर्वी अम्मीला तपासणीसाठी परळच्या टाटा हॉस्पिटलला न्यायचं होतं. कोकणातून रात्रीच्या गाडीने पनवेलला उतरलो. तिथून हार्बरच्या लोकलने कुर्ला आणि कुर्ल्याला गाडी बदलून परळ, असा बेत होता. कुर्ल्याला गाडी आली, पाठीमागून रेटा आला आणि मी बॅगेसकट आत ढकललो गेलो. वळून पाहतो तर अम्मी प्लॅटफॉर्मवरच. गाडी सुटली. हॉस्पिटलची फाईल माझ्याकडे, पैसे माझ्याकडे आणि अम्मीचा मोबाईलसुद्धा माझ्याच बॅगेत!

पुढच्या सायन स्टेशनला उतरून मी परत कुर्ल्याला आलो, पण अम्मी जागेवर नव्हती. मला शोधायला ती पूल चढून दुसऱ्याच प्लॅटफॉर्मवर गेली होती. तासाभराने रेल्वे पोलिसांच्या चौकीत सापडली. एका बाईने तिला तिथे नेऊन बसवलं होतं. अल्लाहचं करम की सुखरूप मिळाली, पण त्या दिवशीचा नंबर हुकला.

चूक लोकलची नव्हती, आमचीच होती. आम्ही काहीच ठरवलं नव्हतं. गावाकडून दवाखान्यासाठी, हज हाऊसच्या कामासाठी किंवा मुंब्रा, कुर्ला, जोगेश्वरी, मीरा रोडला नातेवाइकांकडे जाणाऱ्या प्रत्येक घरासाठी म्हणून हे लिहितोय.

आधी लाइन ओळखा

वेस्टर्न लाइन चर्चगेटहून निघते आणि दादर, अंधेरी, बोरिवली करत विरार-डहाणूकडे जाते. सेंट्रल लाइन सीएसएमटीहून (लोक अजून व्हीटीच म्हणतात) दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण आणि पुढे कसारा व कर्जत-खोपोलीकडे जाते. हार्बर लाइन सीएसएमटीहून वडाळा, कुर्ला, वाशी करत पनवेलला जाते. तिचा एक फाटा वडाळ्याहून माहीम, वांद्रे, अंधेरीकडे वळतो. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स-हार्बर वेगळी.

वेस्टर्नवरून सेंट्रलवर जायचं तर दादरला गाडी बदला. सेंट्रलवरून हार्बरवर जायचं तर कुर्ल्याला.

नावांमुळे नवा माणूस हमखास फसतो. मुंबई सेंट्रल हे स्टेशन सेंट्रलवर नाही, वेस्टर्नवर आहे. लांबच्या गाड्यांचं कुर्ला टर्मिनस म्हणजे कुर्ल्याचं लोकल स्टेशन नव्हे. टर्मिनसला उतरलात तर हार्बरचं टिळकनगर स्टेशन जवळ पडतं. वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे लोकल स्टेशनही वेगवेगळी आहेत. कुणी 'बांद्र्याला उतर' म्हणालं, तर कुठल्या, ते विचारून घ्या.

कुठल्या कामाला कुठलं स्टेशन

टाटा आणि केईएम हॉस्पिटलसाठी परळ. बहुतेक फास्ट गाड्या परळला थांबत नाहीत, म्हणून स्लो गाडीच पकडा. जे.जे. हॉस्पिटलसाठी सँडहर्स्ट रोड किंवा भायखळा. हज हाऊससाठी सीएसएमटी, तिथून चालत जाता येतं. मोहम्मद अली रोडसाठी मस्जिद किंवा सँडहर्स्ट रोड. या मस्जिद स्टेशनचं नाव जवळच्या यहुदी लोकांच्या जुन्या प्रार्थनास्थळावरून पडलं, असं सांगतात. माहीमच्या दर्ग्यासाठी माहीम. हाजी अलीसाठी महालक्ष्मी, पुढे बस किंवा टॅक्सी. आणखी एक, माहीम-सायनच्या पुढे दक्षिणेकडे रिक्षा मिळत नाही.

तिकीट

लांबच्या गाडीचं तिकीट लोकलला चालेल असं धरून चालू नका, लोकलचं वेगळं काढा. खिडकीवर रांग असेल तर तिकिटाची मशीन असते, नाहीतर रेल्वेचं रेलवन अॅप. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं. दोन-तीन दिवस बरंच फिरायचं असेल तर टुरिस्ट तिकिटाची चौकशी करा. एक, तीन आणि पाच दिवसांचं मिळतं.

विनातिकीट सापडलात तर भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड. साधं तिकीट घेऊन घाईत फर्स्ट क्लासमध्ये चढलं तरी दंड बसतो. महिलांच्या डब्यातही एक भाग फर्स्ट क्लासचा असतो, तेव्हा दारावरचं वाचून चढा. एसी लोकलचं तिकीटही वेगळं.

इंडिकेटर आणि डबा

प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर गाडी शेवटी कुठे जाणार, किती वाजता येणार आणि स्लो की फास्ट, एवढं दिसतं. आपलं स्टेशन त्या वाटेवर आहे का आणि गाडी तिथे थांबते का, हे शेजारच्याला विचारा. मुंबईचा माणूस घाईत असतो, पण सांगतो.

महिलांचे डबे राखीव असतात. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर त्यात बसू शकतो. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना आणि गर्भवती बायकांनाही बसता येतं. ही गोष्ट मला त्या दिवशी ठाऊक असती तर अम्मीला गर्दीत उभं करायची वेळच आली नसती. हॉस्पिटलचे कागद मात्र हाताशी ठेवा.

सकाळी साधारण आठ ते अकरा सीएसएमटी-चर्चगेटकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी पाच ते नऊ उलट येणाऱ्या गाड्या खच्चून भरलेल्या असतात. म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा मोठ्या बॅगा असतील तर ही वेळ टाळा. टाळता येत नसेल तर टॅक्सीचे पैसे द्या, त्यात कमीपणा नाही. रविवारी दिवसा रुळांच्या कामासाठी मेगाब्लॉक असतो, म्हणून आदल्या दिवशी बातमी बघा.

दारात लटकू नका. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान दारात उभे असलेले प्रवासी चालत्या गाडीतून पडले आणि काहींचा जीव गेला. ते तर रोज जाणारे होते. रूळ ओलांडू नका, पूल वापरा. गाडी सुटली तर सुटू द्या, थोड्या वेळात दुसरी येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं

लोकल स्टेशनवर अर्धा मिनिटही थांबत नाही. तेवढ्यात पाच माणसांच्या कुटुंबातलं एक मागे राहणं अगदी सहज होतं. बायका महिलांच्या डब्यात आणि पुरुष दुसऱ्या डब्यात असतील तर धोका आणखी वाढतो. म्हणून घरातच सगळ्यांना बसवून चार गोष्टी पक्क्या करा.

पहिली, जो मागे राहिला तो जागेवरून हलणार नाही. दुसरी, जो पुढे गेला तो पुढच्या स्टेशनवर उतरून परत येईल. तिसरी, प्रत्येकाकडे स्वतःचा मोबाईल, स्वतःचं तिकीट आणि थोडे पैसे असतील. खाला-नानींच्या आणि मुलांच्या खिशात नाव, घरच्यांचा नंबर आणि उतरायच्या स्टेशनचं नाव लिहिलेली चिठ्ठी असेल. चौथी, चढताना म्हातारी माणसं आणि मुलं आधी, बॅगवाला तरणा माणूस शेवटी. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

तरीही चुकामूक झालीच तर स्टेशन मास्तर किंवा रेल्वे पोलिसांकडे जा, नाहीतर १३९ वर फोन करा.

अम्मी त्यानंतर सहा वेळा लोकलने टाटाला गेली. आता गाडी आली की तीच मला म्हणते, "तू मागं रव, मी आदी चढतंय."