निर्धूर चूल : बसविल्यानंतरचे काम

ग्रामीण महाराष्ट्रात गॅसची शेगडी आता सर्वदूर पोचली आहे. चूल मात्र विझलेली नाही. आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण, भाकऱ्यांची चळत, लग्नकार्यातील मोठा स्वयंपाक ही कामे आजही अनेक घरांत चुलीवरच होतात. सिलिंडर संपला आणि हाती पैसे नसले की रोजचा स्वयंपाकही पुन्हा चुलीकडेच वळतो.

स्वयंपाकाचा गॅस गरीब कुटुंबांपर्यंत नेण्यासाठी पंतप्रधान उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. तिच्यातील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे देण्यात आली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात सुमारे ५९ टक्केच होती. गॅसचा प्रसार इष्टच आहे. परंतु जोवर घरात चूल पेटते तोवर ती कशी पेटते, हा प्रश्न दुर्लक्षून चालणार नाही. चांगली चूल कशी असावी याचे ज्ञान आपल्याकडे नवे नाही. उणीव राहिली ती चूल बसविल्यानंतरच्या कामात.

धूर म्हणजे न जळालेले सरपण

लाकूड तापू लागले की प्रथम त्यातील पाण्याची वाफ होते. त्यानंतर लाकडातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अशा वायूंच्या रूपाने निघून जातो आणि उरलेल्याचा कोळसा होतो. हे वायू पेटले म्हणजे ज्वाला दिसते. त्यांना पुरेशी उष्णता व हवा मिळाली नाही, तर ते न जळताच निसटतात आणि धूर बनतात. म्हणून डोळ्यांत पाणी आणणारा धूर हा खरे पाहता वाया गेलेले सरपणच होय.

तीन दगडांच्या उघड्या चुलीत ज्वाला वाऱ्याने हलते, उष्णता चहूकडे पसरते आणि भांड्यापर्यंत तिचा दहा ते पंधरा टक्के इतकाच भाग पोचतो. सरपण ओले असल्यास हानी आणखी वाढते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. उकळत्या एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. ओल्या लाकडाच्या बाबतीत ही उष्णता भांड्यातील पाण्याऐवजी लाकडातील पाण्यावर खर्च होते. शिवाय विस्तव थंडावल्याने वायू नीट पेटत नाहीत आणि धूर दाटतो. पावसाळ्यापूर्वी सरपण फोडून, रचून, आडोशाला ठेवण्याची जुनी रीत यामुळेच शास्त्रशुद्ध ठरते.

स्वयंपाकघरातील हवा

धुरातील अतिसूक्ष्म कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहूनही लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके असतात. ते नाकात न अडकता फुप्फुसात खोलवर जातात. लहान मुलांचा न्यूमोनिया, मोठ्यांचा जुनाट श्वासविकार, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग आणि मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू ओढवले.

भारतीय खेड्यांतील या धुराचे एक आरंभीचे मोजमाप गुजरातमधील चार गावांत झाले. कर्क स्मिथ, ए. एल. अग्रवाल व आर. एम. दवे यांनी ते १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या श्वासाच्या हवेत दर घनमीटरला सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम धूलिकण आढळले. तोपर्यंत प्रदूषण म्हटले की कारखान्याचे धुराडे डोळ्यांसमोर येई. घरातील चूलही त्याच विचारात घेतली पाहिजे, हे या मोजमापाने दाखवून दिले. या धुराचा सर्वाधिक भार पडतो तो दिवसातील अनेक तास चुलीपुढे घालविणाऱ्या गृहिणीवर आणि तिच्या मांडीवरील मुलावर.

मगनवाडीपासूनचा प्रवास

चूल सुधारण्याच्या प्रयत्नांत महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यातून स्वातंत्र्याच्या सुमारास 'मगन चूल' पुढे आली. १९५० नंतरच्या दशकात हैदराबाद येथे एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या चुलीवर काम केले. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील 'अस्त्र' या केंद्राने तीन भांड्यांची 'अस्त्र ओले' तयार केली. पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने सुधारित चुलींबरोबरच उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धतही विकसित केली.

केंद्र शासनाने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. त्याखाली देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविण्यात आल्या. २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद झाला. आज चुलींसाठी भारतीय मानक ब्यूरोचे मानक आहे. २०१३ च्या सुधारित मानकानुसार नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या फिरत्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते.

चांगल्या चुलीची अंगे

चांगल्या चुलीत जाळ बंदिस्त व तप्त जागेत राहतो. विस्तवाखाली जाळी असते. तिच्यामुळे राख खाली पडते आणि हवा खालून वर येते. जाळ भांड्याच्या बुडाशी नेमका भिडतो. बुडाशी निघालेले गरम वायू पुढे वैलाखालून जातात आणि दुसऱ्या भांड्याला ऊब देऊन धुराड्यातून बाहेर पडतात.

धुराड्याचे काम नीट समजून घेणे आवश्यक आहे. गरम हवा हलकी असल्याने वर चढते आणि तिच्या जागी चुलीच्या तोंडातून ताजी हवा ओढली जाते. धुराडे पुरेसे उंच, सरळ व स्वच्छ असेल तर ही ओढ चांगली राहते. ते छपराच्या वर दोन-तीन फूट निघालेले असावे, म्हणजे वाऱ्याने धूर उलटा फिरत नाही. गवती छपराच्या घरात नळी व छप्पर यांत न जळणाऱ्या वस्तूंचे अंतर राखणे अत्यावश्यक होय. परंतु ओढ प्रमाणाबाहेर झाली, तर उष्णताही धुराबरोबर निघून जाते. धुराडे घरातील हवा सुधारते. सरपण वाचते ते बंदिस्त जाळ व भांड्याला नेमका बसणारा खण यांमुळे. या दोन गोष्टी भिन्न आहेत.

बचतीचा अंदाज साध्या हिशेबाने करता येईल. समजा, एका कुटुंबास रोज ५ किलो सरपण लागते. वर्षाकाठी ते १,८२५ किलो होईल. चांगल्या चुलीने त्यातील एक-तृतीयांश जरी वाचले, तरी सुमारे ६०० किलोंची बचत झाली. वीस किलोंची एक मोळी धरल्यास डोक्यावरून आणावयाच्या तीस मोळ्या कमी झाल्या.

थंडीतील ऊब आणि बंद खोली

थंड देशांत अशाच तत्त्वावर लाकडाच्या शेगड्यांनी घरे तापवितात. त्यांत जाळाच्या वरच्या बाजूस गरम हवेचा दुसरा झोत सोडून धुरातील वायू तेथेच जाळून टाकतात. अमेरिकेने अशा शेगड्यांच्या धुरावर १९८८ पासून मर्यादा घातली आणि २०२० पासून नव्या शेगड्यांसाठी ती तासाला २ ग्रॅम इतकी कडक केली. तेथील शेगडी बंदिस्त असते आणि तिला धुराडे असते, हे येथे ध्यानात घ्यावयाचे.

आपल्याकडे थंडीच्या रात्री कोळशाची उघडी शेगडी खोलीत ठेवून दारे-खिडक्या लावण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती प्राणघातक ठरू शकते. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही; त्यामुळे झोपलेल्या माणसास धोक्याची सूचनाच मिळत नाही. धूर दिसत नाही म्हणून शेगडी निर्धोक आहे, असे मुळीच समजू नये. झोपण्यापूर्वी ती खोलीबाहेर काढलीच पाहिजे. शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्यास ही गोष्ट ठाऊक असावी.

चुली का मोडल्या?

इतक्या मोठ्या संख्येने बसविलेल्या चुलींपैकी अनेक पुढे वापरातून गेल्या. ओडिशातील खेड्यांत सुधारित चुलींचा चार वर्षांपर्यंत मागोवा घेणारा एक अभ्यास रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासातील धूर घटल्याचे दिसले. पुढे मात्र तो लाभ उरला नाही. चुलींचा वापर नियमित नव्हता, डागडुजी होत नव्हती आणि सरपणाची बचतही दिसून आली नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला गुण घरात टिकवावा लागतो, हाच त्याचा अर्थ.

दुसरे कारण घरच्या गरजांशी निगडित आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर शेकली की टम्म फुगते. चुलीचे तोंड अरुंद ठेवले तर सरपण वाचेल. परंतु भाकरी शेकावयास जागा राहणार नाही. मग गृहिणी तोंड फोडून मोठे करते आणि चुलीचा सारा हिशेब बिघडतो. यात तिला दोष देता येणार नाही. ज्या चुलीवर घरातील भाकरी होत नाही, ती त्या घरासाठी सुधारित म्हणता येत नाही. भांड्यांचे आकार, पऱ्हाट्या, तुराट्या वा लाकूड यांपैकी गावात मिळणारे सरपण आणि आंघोळीच्या पाण्याची सोय या बाबी चूल निवडण्यापूर्वीच विचारात घेतल्या पाहिजेत.

धुराचेही काही उपयोग लोकांनी करून घेतले आहेत. अतिपावसाच्या भागात चुलीवरच्या माळ्यावर बियाणे ठेवतात. धुराने ते कोरडे राहते व त्याला कीड लागत नाही. धूर बाहेर काढताना बियाण्यासाठी कोरड्या कोठीची वेगळी व्यवस्था सुचविणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य ठरते.

गावपातळीवरील काम

चूल बसविली की काम संपले, ही समजूत प्रथम दूर व्हावयास हवी. धुराड्यात काजळी साचते, नळी अरुंद होते आणि धूर पुन्हा घरात येऊ लागतो. महिन्यातून एकदा दोरीला चिंध्यांचा बोळा बांधून नळी झाडली, तर हा दोष टळतो. जाळीखालची राख रोज काढावी. चुलीला तडे गेल्यास लगेच लिंपावेत. ही कामे अवघड नाहीत. ती कोणी करावयाची हे ठरलेले नसते, इतकेच. गावातील एका-दोघा कुंभारांना किंवा बचत गटातील महिलांना चूल घालण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण दिल्यास गावाला दूरच्या कारागिराची वाट पाहावी लागणार नाही.

शिक्षकांना वर्गात साधे प्रयोग करून दाखविता येतील. सुकी दोन लाकडे एकमेकांवर आपटली असता टणक आवाज येतो, ओली आपटली तर बोदा येतो. लाकडाचा एक तुकडा तोलून, पंधरा दिवस उन्हात ठेवून पुन्हा तोलावा. कमी झालेले वजन हे पाण्याचे. धुराड्याची ओढ पाहण्यासाठी पेटती उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरावी. चूल तापलेली असता धूर आत ओढला गेला तर नळी मोकळी आहे. तो बाहेर पसरला तर ती झाडावयास हवी.

ग्रामपंचायतीने आपल्या नोंदवहीत बसविलेल्या चुलींच्या संख्येशेजारी आणखी तीन रकाने आखावेत : एक वर्षानंतर चूल वापरात आहे काय, धुराडे शेवटचे केव्हा झाडले, आणि घरातील स्त्रीची तक्रार काय. पहिल्या रकान्यातील संख्या अनुदानाच्या हिशेबापुरती पुरेशी ठरेल. घरातील धूर कमी झाला की नाही हे मात्र उरलेल्या तीन रकान्यांवरूनच कळेल, आणि पुढच्या वर्षीचे काम कोणत्या घरापासून सुरू करावयाचे हेही त्यांतूनच ठरेल.