धाकट्या विमानाचं गणित

मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद असली की विमानांचा आवाज चेंबूरच्या वाट्याला येतो. एरवी घाटकोपरकडच्या लोकांना सवयीची झालेली ही वर्दळ मग १४ क्रमांकाच्या धावपट्टीवर सरकते. तिथून उडालेलं विमान कुर्ला ओलांडून चेंबूरवर येतं, तेव्हा समोर ट्रॉम्बेची टेकडी असते. अशा दिवशी टिळक नगरच्या एखाद्या गच्चीवरून वर पाहिलं, तर बाकीच्या लांबोडक्या विमानांमध्ये क्वचित एखादं वेगळं दिसतं. जेवढं लांब तेवढंच रुंद, पाटीवर काढलेल्या अधिकच्या चिन्हासारखं. ते एअरबस ए३१९. लांबी ३३.८४ मीटर आणि पंखांचा पसारा ३४.१० मीटर. पंख लांबीहून मोठे, कारण ते मुळात या विमानासाठी आखलेलेच नाहीत. ते त्याच्या थोरल्या भावाचे, ए३२० चे आहेत, जसेच्या तसे.

प्रवासी विमान लांबवणं त्या मानानं सोपं असतं. पंखाच्या पुढे आणि मागे नळीसारख्या धडाचे तुकडे घालायचे, सांगाडा बळकट करायचा, इंजिनांचा जोर वाढवायचा. एअरबसनं ए३२० पासून ए३२१ असंच केलं. आखूड करणं मात्र अवघड, आणि ही अडचण यंत्रशाळेपेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त आहे.

ए३१९ चा आराखडा कंपनीत ‘ए३२० उणे सात’ अशा नावानं ओळखला जाई. विमानाचं धड गोल कड्यांच्या रांगेवर उभं असतं. त्यातल्या सात कड्या काढल्या, पंखाच्या पुढच्या चार आणि मागच्या तीन. लांबी ३ मीटर ७३ सेंटिमीटरनी घटली. प्रवासी कमी झाले म्हणून पंखावरचे संकटकाळचे दरवाजे चाराचे दोन झाले. एरोब्रिजच्या काचेतून विमान पाहताना हे दरवाजे मोजावेत. पंखावर एका बाजूला एकच दरवाजा असेल तर ते बहुधा ए३१९, दोन असतील तर ए३२०. उड्डाणाच्या संगणक प्रणालीत थोडे फेरफार झाले, बाकी सगळं तेच राहिलं. जून १९९३ मध्ये प्रकल्पाला मंजुरी मिळाली, ऑगस्ट १९९५ मध्ये हॅम्बुर्गला पहिलं उड्डाण झालं आणि १९९६ च्या एप्रिलमध्ये पहिलं विमान स्विसएअरच्या ताब्यात गेलं. नवं विमान एवढ्या लवकर होत नाही.

पण सात कड्या काढल्या म्हणून विमानाचा खर्च सात कड्यांइतका उतरत नाही. पंख तेच, चाकं तीच, कॉकपिट तेच, दोन वैमानिक तेच, विमानतळाचं शुल्कही जवळपास तेवढंच. खुर्च्या तेवढ्या कमी. फेरीमागचा खर्च थोडासा घटतो आणि खुर्चीमागचा खर्च वाढतो. आखूड विमानाचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे.

आणखी आखूड केलं की निसर्गही आडवा येतो. उड्डाणात एक इंजिन बंद पडलं तर विमान त्या बाजूला वळू लागतं आणि शेपटीचं सुकाणू त्याला सरळ धरतं. शेपूट पंखाच्या जितकं जवळ, तितका हा जोर अपुरा. म्हणून ए३१९ हून साडेचार कड्यांनी लहान असलेल्या ए३१८ ची उभी शेपूट ८० सेंटिमीटरनी उंच करावी लागली. विमान लहान, शेपूट मोठी! ए३१८ ची अवघी ८० विमानं बनली. बोइंगच्या तशाच आखूड ७३७-६०० ची ६९.

आखूड केलेल्या विमानांच्या या घराण्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते बोइंग ७४७एसपी. पॅन ॲम आणि इराण एअर यांना न थांबता फार लांब जाणारं विमान हवं होतं. बोइंगनं आपलं ७४७ जंबो १४ मीटरहून अधिक आखूड केलं, शेपूट उंच केली, पंखांच्या मागच्या पडद्यांची रचना सोपी करून वजन वाचवलं. मे १९७६ मध्ये पॅन ॲमचं असं एक विमान न्यूयॉर्कहून निघालं आणि फक्त दिल्ली व टोकियो इथे थांबून ४६ तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतलं. अशी विमानं बनली ४५ च. पुढे जास्त पल्ल्याची मोठी विमानं आली आणि त्याची गरज संपली. तरी मी त्याला फसलेलं विमान म्हणणार नाही. जे काम त्या वेळी दुसरं कुणी करू शकत नव्हतं, ते त्यानं केलं.

आपल्याकडे ए३१९ ला असंच काम मिळालं. इंडियन एअरलाइन्सनं २००६ मध्ये ४३ एअरबस विमानांचा करार केला, त्यात १९ विमानं ए३१९ होती. पुढच्याच वर्षी ती कंपनी एअर इंडियात विलीन झाली. या विमानांचं खरं तेज दिसलं लेहला. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर उंचावर. तिथली हवा विरळ, त्यामुळे पंखांना उचल कमी आणि इंजिनांचा जोर कमी. भोवती डोंगर, म्हणून साधारणपणे एका बाजूनं उतरायचं आणि उलट्या बाजूनं उडायचं. दुपारी वारा सुटतो, म्हणून उड्डाणं सकाळची. ए३२० सुद्धा तिथे जातं, पण वजनाचा हिशेब फार कडक ठेवून. ए३१९ ला इथे थोरल्याचे पंख आणि अंगावर कमी ओझं. मुंबई-दिल्ली मार्गावर जे तोट्याचं, तेच लेहमध्ये वरदान ठरतं. भूतानच्या ड्रुक एअरनंही २००४ मध्ये पारोच्या दरीसाठी हेच विमान निवडलं.

जागेप्रमाणे यंत्र बदलण्याचं भान इंडियन एअरलाइन्सला आधीही होतं. १९८९ पासून आलेल्या तिच्या ए३२० विमानांना मुख्य पायांवर दोनाऐवजी चार-चार चाकं होती, कारण आपल्या कित्येक धावपट्ट्या तेवढ्या भक्कम नव्हत्या. जगात इतर कंपन्या दोन चाकांवर चालवत असताना आपण आपल्या जमिनीप्रमाणे विमान मागून घेतलं. या निर्णयाचं कौतुक फार कमी झालं आहे.

आखूड विमानाच्या बाजूनं आणखी एक गोष्ट बोलते. ए३१८ पासून ए३२१ पर्यंत वैमानिकाचा परवाना एकच. आज लेह, उद्या चेन्नई. तेच लोक, तेच सुटे भाग. कंपन्यांनी ए३१९ घेतलं ते यासाठी.

तरीही दिवस पालटले आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियानं जाहीर केलेल्या ४७० विमानांच्या मागणीत नवं ए३१९निओ एकही नव्हतं. एअरबसनंही २०१८ मध्ये बॉम्बार्डियरचं सी-सिरीज हाती घेऊन त्याला ए२२० नाव दिलं. ते पहिल्यापासून शंभर ते दीडशे खुर्च्यांसाठीच आखलेलं, पंखही त्याच मापाचे. आपल्याकडे कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरनं ५० खुर्च्यांची एम्ब्रेअर १४५ आणि ७६ खुर्च्यांची एम्ब्रेअर १७५ घेतली. तीही लहान म्हणूनच जन्मलेली.

माझं मत स्पष्ट आहे. लेहसारख्या ठिकाणी आखूड केलेलं विमान हवंच. पण कोल्हापूर, नांदेड, सिंधुदुर्गसाठी मोठ्या विमानाची कापलेली आवृत्ती कधीच परवडणार नाही, तिथे मुळातलं लहान विमानच टिकेल. जिल्ह्याजिल्ह्यात धावपट्ट्या बांधायला निघालेल्यांनी उद्घाटनाची तारीख नंतर ठरवावी. त्या धावपट्टीवर रोज कुठलं विमान, किती खुर्च्यांचं उतरणार, हे आधी ठरवावं.