ग्रीक जंघात्राण आणि तांबटाची हातोडी

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याला आकार देणे नित्याचेच. प्राचीन ग्रीकांचे जंघात्राण मात्र ज्याच्या त्याच्या पायाच्या मापानेच घडवावे लागते. सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाची ग्रीक ढाल जेमतेम गुडघ्यापर्यंत पुरे. खाली उघडी राहणारी नडगी हे कवच झाकी. इ. स. पू. ६व्या शतकाच्या अखेरीस त्यावर पोटरीचे स्नायूही उठवले जात आणि बंदांविना, निव्वळ कांस्याच्या लवचीकतेवर, ते पायाला बिलगून राही.

लढाईच्या प्रात्यक्षिकांसाठी आज पितळी पत्राही चालतो. तो मंद लाल होईतो तापवून मऊ करायचा, आतून ठोकून फुगवायचा आणि ताठरला की पुन्हा तापवायचा. हा धीर नसल्यास पत्रा तडकतो. अखेरचे ठोके मात्र थंड पत्र्यावरच, कारण त्यांनीच स्प्रिंगसारखा ताठपणा येतो. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकामाने भांडी कणखर होतात, तीही याच न्यायाने. घोट्याशी कड बाहेर वळवावी, अन्यथा चालताना ती रुतते.

नडगीचे हाड त्वचेलगतच असते. सुमारे १ मिलिमीटरचा पत्रा घाव अडवतो खरा, पण धक्का थेट हाडाला पोचवतो. बोथट शस्त्रांच्या खेळातही नमद्याचे जाड अस्तर म्हणूनच अनिवार्य.